चोर्ल्याकडे जाणारी ओल

साडेपाचला उद्यमबागच्या फाट्यावर
भरमाणी आधीच उभा. कानटोपी, तिच्यावर हेल्मेट,
कॅरिअरला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी,
खिशात चेनची एक जादा कडी.
बत्तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस,
दुसऱ्याची सायकल नुसती ऐकतो आणि सांगतो:
"मागचं बेअरिंग रडायलंय तुझं."

रडू दे म्हटलं. त्यालाही समुद्र दाखवू.

आमच्या गावाला समुद्र नाही.
आहे तो पहाटे येतो टेम्पोतून,
बर्फाखाली आडवा पडून,
वाटभर ठिबकत.
पिरनवाडी सोडल्यावर दिव्यात दिसली ती ओल,
डांबरावर एक सलग काळी रेघ,
चढाला दाट, उताराला तुटक,
गतिरोधकापाशी सांडलेली ओंजळभर.
"हीच धरायची," भरमाणी म्हणाला,
"मोबाईल ठेव आत. बॅटरी खातोय."

किणयेला चहा. हातांना थंडीनं बोटं नव्हती.
हॉटेलवाल्या बाईनं विचारलं, "यल्ली होंटीरी?"
भरमाणीनं कानडीत सांगितलं.
ती मराठीत हसली:
"ह्या वयात?"

पुढं मैलाचा दगड, दोन लिप्यांचा,
एकीवर कुणीतरी डांबर फासलेलं.
आकडा मात्र कुणी पुसलेला नाही.
बत्तीस म्हणजे बत्तीस,
पायांना दोन्हीकडून तेवढेच.

जांबोटीच्या पुलावर थांबलो.
खाली मलप्रभा, घोट्याएवढी,
आमच्या उलट चाललेली, उगवतीकडं.
भरमाणी कठड्यावर रेलून बराच वेळ बघत बसला.
"हिलाही समुद्रच गाठायचाय," म्हणाला,
"पण केवढा लांबचा धरलाय बघ.
घराच्या मागच्या दारात एक असताना."
मग भाकरीचा तुकडा खाली टाकला,
तो गोल फिरला आणि तिच्याबरोबर गेला.

नऊच्या उन्हात रेघ सुकत गेली.
वास तेवढा राहिला, तोही वळणावळणावर,
सावलीत, बांबूच्या बेटांखाली.
आम्ही माग काढणाऱ्या कुत्र्यांसारखे
नाक पुढं, मान खाली.
एकदा भरमाणी चुकून
लीद पडलेल्या वाटेनं पाव कोस गेला.
ते मी कुणाला सांगणार नाही असं ठरलंय.

कणकुंबीच्या अलीकडं माझा गुडघा बसला.
दुखला नाही, नुसता बसला,
संपावर गेलेल्या कामगारासारखा,
घोषणा न देता.
ढकलत चाललो. एक शेकरू
वरच्या वर तीन झाडं ओलांडून गेलं,
मला तेवढ्यात नऊ पावलं झाली.

चोर्ल्याच्या कडेला दोन वाजता.
खाली गोव्याचं जंगल, त्याच्या पलीकडं
एक पांढुरकी पट्टी.
मी म्हटलं समुद्र.
भरमाणी म्हणाला धुरळा. खाणीचा असेल.
यावर आम्ही दोन संत्री संपवली
आणि निकाल लागला नाही.

तिथंच तो टेम्पो उभा होता, बॉनेट उघडं,
सकाळी आमच्यापुढं ठिबकत गेलेला,
बाजारात रिकामा होऊन परत निघालेला.
रुझार म्हणून ड्रायव्हर, इंजिनाला वारा घालत होता.
भरमाणीनं फळीखालच्या थेंबाखाली बोट धरलं,
चाखलं.
"मीठ?"
"डिझेल." थोडं थांबून, "मीठ पण."

रुझारनं माझ्या गुडघ्याकडं पाहिलं.
"यो, बस," म्हणाला, आणखी काही नाही.

आता मी मागच्या फळीवर, मांडीवर सायकलचं चाक,
चहूकडून निळे क्रेट,
कोपऱ्यात एक बांगडा, विकायचा राहिलेला,
डोळा उघडा ठेवून उलटा घरी चाललेला.
क्रेटांतून अजून गळतंय.
रस्त्यावर पुन्हा रेघ पडत जाते, या वेळी उताराला,
आणि तिच्यावर चाक ठेवून
ब्रेक दाबत, शर्ट फुगलेला,
भरमाणी, बत्तीस वर्षं एकाच जागी उभा असलेला.

ओरडून विचारलं, दिसला का रे?
वाऱ्यातून आवाज आला:
"वास यायलाय!
तुझाच आहे बहुतेक!"