चौकातला दगड

आधी दगड चावडीच्या भिंतीत होता, इंग्रजीत:
ह्या गावातून एकोणतीस गेले, सहा परतले नाहीत.
नावं नव्हती. बसऱ्याला मेलेल्यांची
आकड्यावरच बोळवण.

रस्ता रुंद झाला, चावडी पडली.
दगड चार वर्षं बसस्टँडामागं पालथा.
शेवंता त्याच्यावर मिरच्या वाळवायची.

मग कारगिलहून लुमाण्णाचा भरमा पेटीतून आला
आणि दगड उठला.
चौथरा, साखळी, उलट्या बंदुकीवर हेल्मेट.
नाव कुठल्या लिपीत, ह्यावर तीन बैठका,
एकदा डांबर, एकदा पोलीसगाडी.

शेवटी ब्रश माझ्या हातात.
वर कन्नड, खाली मराठी, मीच रंगवलो दोन्ही.
लुमाण्णा आला. चष्मा विसरलेला.
बोटानं चाचपत गेला,
म्हणाला, ओला हाय रे अजून.
अंगठ्याला निळा रंग लागला,
तो त्यानं धोतराला पुसलाच नाही.

डब्यात थोडा रंग उरला होता.
खाली, अगदी जमिनीजवळ,
सहा रिकाम्या ओळी आखून ठेवलोय.
कुणी विचारलं तर सांगतो,
एस.टी.त रुमाल टाकतात बघ,
तशी जागा धरलीय.