इशारा पातळी

एकतीस वर्षं राजाराम बंधाऱ्यावर
पाणी वाचलं मी.
फूट, इंच, वेळ, सही.
एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका,
आणि त्या मधल्या चार फुटांत
अख्खं कोल्हापूर मला फोन करायचं.

आता माझीच पातळी काढतात.
दर तीन महिन्यांनी, शाहूपुरीतल्या लॅबमध्ये,
मुलगी म्हणते, "आजोबा, मूठ आवळा."
पाच पूर्णांक आठ.
मागल्या खेपेला सहा पूर्णांक एक.
ओसरलं म्हणावं, तर डॉक्टर शिरगुप्पे बाई म्हणतात,
एका आकड्यावर नाचू नका, रडूही नका.
हे मीच सांगायचो नव्या पोरांना,
पट्टीवर लाट आपटते तेव्हा कुठला आकडा धरायचा ते.

बारा तुकडे काढले होते, दोनांत सापडला.
"आहे. पण आळशी आहे," बाई म्हणाल्या,
आणि कागदावर आवळ्याएवढा गोल काढून
आत पेनानं ठिपका दिला.
कापला तर काय काय जाऊ शकतं, त्याची यादी सांगितली.
मालन शेजारीच होती, मांडीवर पिशवी.
यादीत "वैवाहिक" शब्द आला तेव्हा
तिनं पिशवीतली मेथीची जुडी
उगीच उलटी करून ठेवली.

अभिनंदन हिंजवडीहून फोनवर ओरडतो.
"बाबा, कॅन्सर आहे तो! पाहुणा न्हाई, बसवून घ्यायला."
त्याला काय सांगू.
चिखलीत एका वर्षी मी सांगितलं म्हणून
कळक्यांनी रातोरात म्हशी हलवल्या.
पाणी आलंच नाही. ट्रॉलीतून उतरताना
एका गाभण म्हशीचा पाय मोडला.
पुढची तीन वर्षं कळके मला रामराम घालत नव्हते.
आणि एकोणीस साली, तेच कळके,
"उंबऱ्याला कधी शिवलं न्हाई" म्हणत बसले,
शेवटी पत्र्यावरून बोटीत घेतले.
दोन्ही वेळेला आकडा मीच दिला होता.
दोन्ही वेळेला बरोबर होता.

गंगावेशीत दूध कट्ट्यावर दस्तगीर भेटतो.
त्याचा रागीट होता, काढावाच लागला.
धारोष्ण पेला ओठाला लावायच्या आधी
तो मुतारी कुठं आहे ते बघून घेतो.
"जीव वाचला रं," म्हणतो,
"पायजम्यावरचा इस्वास तेवढा गेला."
मग दोघं हसतो, फेसाच्या मिशा घेऊन,
आणि म्हैसवाल्याला वाटतं
म्हातारे बायकांवर बोलत असणार.

रात्री दोनदा उठतो. पूर्वीही उठायचो,
ड्यूटीवर, दर तासाला, बॅटरी घेऊन.
पुराची एक गंमत असते, लोकांना ठाऊक नसते:
भीती पाण्याजवळ नसते वाटत.
खोलीवर परत येऊन आडवं झालं,
की पुढच्या तासापर्यंत वाटते.

खात्याचं एक कोरं रजिस्टर राहिलंय माझ्याकडं.
"फूट, इंच" खोडून त्यात आता हे लिहितो.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं कळेना,
म्हणून जुनाच शब्द लिहिला: स्थिर.
स्थिर म्हणजे थांबलेलं नव्हे.
वरून येतंय तेवढंच खाली जातंय,
एवढाच त्याचा अर्थ.
कुणी विचारलं नाही, म्हणून कधी सांगितलं नाही.

मालनला विचारावंसं वाटतं, तू भितीस का?
विचारत नाही. ती भाकरी थापत असते,
आवाजावरून कळतं थोडंफार.

काल कॅलेंडर उलटलं.
दूध न घेतलेल्या दिवसांवर तिचे गोल,
सिलिंडर लावल्याची तारीख,
आणि चौदा तारखेला, लॅबच्या दिवशी,
शेजारच्या बायकांना कळू नये म्हणून
बारीक अक्षरात
एकच शब्द:
पाणी.