होस्तिलु

बारावीच्या जादा तासाला फळ्यावर दोन शब्द लिहिले:
होस्ट. होस्टाइल.
म्हटलं, एकाच घराण्यातले हे.
लॅटिनमधला 'होस्तिस' म्हणजे आधी नुसता परका,
वेशीबाहेरनं आलेला, पायांना धूळ.
कुणी त्याला ताट वाढलं, कुणी भाला रोखला,
आणि शब्दाची वाटणी झाली,
बांधावरनं होते तशी.

मागच्या बाकावरची महादेवी तल्लूर उठली.
'सर, आमच्यात होस्तिलु म्हणजे उंबरा.'
वर्ग हसला. मीही.
योगायोग गं, लॅटिन कुठं, इटगी कुठं,
म्हणत फळा पुसून टाकला.

त्याच आठवड्यात खानापुरात
कुणीतरी एका पाटीला डांबर फासलं.
कुठल्या भाषेतली पाटी, ते सांगत नाही;
तुम्ही लगेच बाजू घ्याल.
बिडीहून परतताना आमची गाडी
इटगी क्रॉसला दिवे मालवून उभी राहिली.
कंडक्टर म्हणाला, 'उतरा. फुडं दगड चाललेत.'

काखेत चाचणीच्या अठ्ठावन्न उत्तरपत्रिका.
पहिल्याच कुत्र्यानं माझी मातृभाषा ओळखली.
दुसऱ्या घरातला दिवा गेला.
तिसऱ्या दारात एक माणूस
फवारणीच्या पंपाला वॉशर बसवत होता.
उंबऱ्याला हळद, मधोमध ठोकलेलं झिजकं नाणं.
तो अलीकडे, मी पलीकडे,
आणि त्याच्या हातात पाना.

तीस वर्षं या तालुक्यात काढून
मला एकच शब्द आठवला: 'नीरु.'

त्यानं पान्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.
'ओळग बर्री,' म्हणाला,
आणि मागोमाग मराठीत, 'चप्पल ऱ्हाऊ दे, पावणं.'
तांब्या आला. गुळाचा खडा आला.
जेवण झालंय, असं मी खोटं बोललो;
त्यानं ते ऐकलंच नाही, थाळीत रोट्टी पडली,
शेंगाची चटणी, वर तेलाची धार.
पाटीचा विषय दोघांनीही काढला नाही.
त्यानं नाव विचारलं नाही,
आणि मीही, आता लाज वाटते, त्याचं विचारलं नाही.

झोप येईना. बल्बखाली पेपर काढले.
प्रश्न चौथा, होस्टाइलचा अर्थ लिहा.
महादेवीनं लिहिलं होतं:
'उंबऱ्यावर उभा आहे,
आणि त्याला अजून कुणी आत बोलावलेलं नाही, तो.'

शब्दकोशात हे नाही. अर्धा गुण दिला.
पाणी प्यायला उठलो, तर
दाराला कडी नव्हती घातलेली,
आणि पाना उंबऱ्यावर,
नाण्याच्या शेजारी, तसाच पडलेला.

परत येऊन उरलेला अर्धा दिला.