बोट आहे का?

फोनवर पहिला प्रश्न तोच : बोट आहे का?
दहा आहेत, म्हटलं.
वझलवार साहेब हसले नाहीत,
त्यांना तलावावरची हवी होती.
ती नाही. डोंगा आहे,
सासऱ्याने कोरलेला, डाव्या अंगाला कलता.
त्यात बसून ती हातभर नळी सांभाळणं
म्हणजे रडकं लेकरू मांडीवर घेऊन वरात बघणं.

पौषातली पहाट. गाडी मोहटोल्याच्या शाळेपाशी ठेवून
आधी जंगलातून पायी.
मी पुढे, साहेब मधे, मागे त्यांची भाची ऋजुता,
तिघांच्या तोंडातून वाफ.
धावड्याच्या फांदीवर सर्पगरुड, थंडीने फुगलेला.
मी बोट केलं. कुठे? म्हणाले.
त्या दोन फांद्यांच्या बेचक्यात. कोणत्या दोन?
गरुडाने मान वळवून बघितलं,
त्याला आम्ही लगेच दिसलो.

पाळीवर आलो तर तलावच नव्हता.
धुकं.
साहेबांनी तिपाई रोवली, काच पुसली,
पुन्हा पुसली.
धुकं काचेवर नव्हतं.

ऐका तोवर, म्हटलं.
ही शिट्टी अडईची.
हा शेकाट्या, याला चूप राहता येत नाही.
तिकडे जांभळी पाणकोंबडी देवधान मोडते आहे.
आणि ही पाण्यावर थाप, ती आमच्या दिराची,
जाळ्याकडे मासा हाकलतो.
साहेब म्हणाले, आवाजाचा फोटो निघत नाही, बाई.
आणि मी दाखवीन तिकडे
अंदाजाने बटण दाबत गेले.

बाई. नाव सांगितलं होतं मी, फुलवंता मेश्राम,
गळ्यातल्या बिल्ल्यावर पण आहे,
'फु'चा रंग तेवढा गेला आहे.

नऊच्या सुमारास बांध्या उघड्या पडल्या.
धान निघून महिना झालेला, लाखोळी निळी फुललेली,
आणि ती घोट्याला लागेल असे उभे
सारस. दोघं.
माझ्या नवऱ्याहून दोन बोटं उंच,
हे मी प्रत्येक पाहुण्याला सांगते
आणि तो घरी चिडतो.

साहेब कुजबुजले, टाळी वाजवा ना,
उडू दे, पंख पाहिजेत.
जेवण चाललं आहे त्यांचं, म्हटलं,
रात्री तुम्ही भाकर खात होते
तेव्हा मी टाळी वाजवली का?
ऋजुता हसली. साहेब नाही.
मग एकाने मान आभाळाकडे केली,
दुसऱ्याने त्याच्या मागोमाग,
आणि असा आवाज झाला
की तिपाईचा पाय चिखलात चार बोटं खचला.
वाढवून सांगते आहे. पण खचला.

अकरा दिवसांनी मोबाइलवर फोटो आले. एकशे सहा.
एकात सारस, तेही पाठमोरे, मानेत कापलेले.
बाकी कितीतरी फोटोंत,
कधी कोपऱ्यात, कधी मधोमध,
कधी पांढऱ्या धुक्यात नुसतंच,
माझं बोट.
शिंगाड्याने काळं पडलेलं,
नखाजवळ विळ्याची जुनी रेघ,
पुढे काहीच नाही अशा जागी रोखलेलं,
इतकं स्पष्ट की कातडीवरच्या घड्या मोजाव्यात.
आधार कार्डाच्या वेळी
ह्याच बोटाचा ठसा उमटत नव्हता.
यंत्रावरचा पोरगा म्हणत होता, पुन्हा ठेवा, पुन्हा ठेवा,
मी पदराला पुसून पुन्हा ठेवत होते.

खाली साहेबांनी लिहिलं होतं :
माफ करा, फुलवंताबाई. पुढच्या पौषात येऊ का?

मी तेव्हा गुडघाभर पाण्यात, हात ओले.
लिहिलं नाही, बोलून पाठवलं,
मागे अडयांचा थवा उतरत होता तो पण त्यात गेला :
या. बोट आहे.

डोंग्याला मात्र तोवर डांबर लावायचं आहे.
दिराला दोनदा सांगून झालं.