आरशाबाहेर

नारीनच्या गुरांच्या बाजारामागे
दोलोतने मला ट्रकच्या केबिनमध्ये चढवलं.
इंजिन बंद. किल्ली त्याच्या खिशात.
"उजव्या आरशात काय दिसतंय?"
बर्फ. कुंपण. एक मेंढी, तीही पाठमोरी.
"नीट बघ."
नीट बघितलं. मेंढी निघून गेली होती.

"उतर आता. वळसा घालून ये."

पुढच्या चाकाला टेकून, दाराच्या अगदी खाली
घोंगडी अंथरून बसलेले:
त्याची बायको, तिची आई, तीन पोरं,
आणि शेजारचा झानिबेक, मांडीत थर्मास.
चहा निम्मा संपलेला.

किल्ली त्याने त्या दिवशी दिलीच नाही.
मीही मागितली नाही.
धाकटीने सरकून जागा केली.
तिथून मान वर करून पाहिलं तर
आरशात नुसतं आभाळ,
स्वच्छ.