पांढरे पट्टे

कुलूप त्यानेच नेलं, माझ्या दुकानातून.
पितळी, मधल्या आकाराचं, दोन किल्ल्यांचं.
पावती हवी का, मी विचारलं.
हो, म्हणाला, बाबा मागतील.
सुटे पैसे तळहातावर दोनदा मोजले
आणि सायकल घेऊन
गव्हाच्या कोठारापाशी डावीकडे वळला.

उजवीकडे पोलीस चौकी.
एकशेवीस पावलं. नंतर मी चालून मोजली.

आता सगळे तेच विचारतात.
वार्ताहर, चर्चमधल्या बायका,
माझा भाऊ ओरेस्ट, कॉफी ढवळत ढवळत:
दार उघडं, सायकल हाताशी, चार वर्षं.
पोर पळालं कसं नाही?
जसं काही पळणं हे नुसतं पायांचं काम.

मला ठाऊक आहे ते एवढंच,
कोर्टात तिसऱ्या बाकावरून ऐकलेलं.

नवव्या दिवशी तो पळाला होता.
अनवाणी, कापणी झालेल्या शेतातून,
खुंटांनी तळवे सोलवटून घेत, हमरस्त्यापर्यंत.
हात हलवला. पहिलाच ट्रक थांबला.
ट्रकमध्ये तोच माणूस.
मारलं नाही. घोंगडी दिली, हीटर वाढवला,
म्हणाला, गारठशील ना रे वेंडेल.
त्यानंतर सस्कॅचेवानच्या रस्त्यांवरचा
प्रत्येक ट्रक त्याचाच.
माझासुद्धा.

नाव एमेट होतं.
नाव कसं जातं?
आधी ओ द्यायची नाही असं ठरतं.
मग भूक लागते.
मग कुणी हाक मारतं, वेंडेल, सूप निवतंय,
आणि तोंडातून निघून जातं, आलो.

फ्रिजवर बहिणीचा फोटो.
लाल टोपी, शाळेच्या बसमध्ये चढताना, लांबून काढलेला.
त्या माणसाने तोंडाने धमकी अशी दिलीच नाही कधी.
दर सप्टेंबरला फक्त फोटो बदलायचा.
बहीण फ्रिजवर उंच होत गेली.
तिला आणखी उंच होऊ द्यायचं
तर आपण इथेच राहायचं:
हे गणित नऊ वर्षांच्या पोराने
कुणाला न विचारता सोडवलं.

वकिलाने विचारलं, तो माणूस दोन-दोन दिवस बाहेर असायचा, तेव्हा?
एमेट बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, कुत्रीला सहा वाजता खायला लागतं.
मागे कुणीतरी हसलं.

आमच्याकडे गुरं अडवायला
रस्त्यात लोखंडी दांड्यांची जाळी घालतात.
एकदा खूर अडकला की जनावर जन्मभर विसरत नाही.
पण लोखंड महाग.
म्हणून काहीजण डांबरावर नुसते पट्टे मारतात, पांढरे.
गाई येतात, हुंगतात,
पलीकडच्या गवताकडे बघतात
आणि परत फिरतात.
त्या पट्ट्यांचा रंग मीच विकते.
चार लिटरचा डबा, झाकण घट्ट लावून.
आजवर गाईला कुणी जाब विचारलेला नाही.

ओरेस्टला एक गोष्ट मी सांगितलेली नाही.

दुकानाच्या काचेवर एक पत्रक होतं.
हरवलेला मुलगा, पुढचे दोन दात पडलेले.
उन्हाने चेहरा निळसर झालेला.
तो यायचा तेव्हा त्याच्यासमोर उभा राहायचा.
मला वाटायचं, पोराला वाचायची आवड आहे.
केस काळे केलेले, दात आलेले,
मी कशाला दोन चेहरे शेजारी ठेवून बघते?

ऑक्टोबरात मी ते पत्रक खरवडून काढलं,
बर्फाच्या फावड्यांची जाहिरात लावायची होती.
तो शेजारीच उभा होता.
विचारलं, तो मुलगा सापडला?

नखात अडकलेला कागद काढत मी म्हणाले,
नाही रे.
आता शोधत नसतील बहुतेक.

त्याने मान डोलावली.
मग कुलूप मागितलं.