गळती

ओतार म्हणाला, बाजाराआधी इंजिन धुऊन ठेव,
रुस्तावीत काळं इंजिन कुणी घेत नाही.
आणि फार चकचकीत केलंस तर
तेही घेत नाहीत.
थोडी धूळ राहू दे. लोकांना धुळीचा भरवसा वाटतो.

शनिवारी सकाळी, इंजिन रात्रभर गार झालेलं,
मी बॉनेट उचललं.
अकरा वर्षं ही सुबारू चालवली,
उजव्या हाताच्या स्टिअरिंगची, जपानहून जहाजातून आलेली,
आणि तिच्या पोटात कधी
मनगटाच्या पुढे हात घातला नव्हता.

अक्रोडाची दोन टरफलं.
कुणाचा तरी मोडलेला संसार, बहुधा उंदराचा.
तुतीची वाळकी पानं,
आणि तेल. धुळीशी लग्न लागलेलं,
जुन्या तव्याच्या कडेला बसतं तसं तेल.

आधी बॅटरीची वजा तार, दहाच्या पान्यानं.
अल्टरनेटरला पावाची पिशवी,
फ्यूजच्या डब्याला दुसरी,
हवेच्या नळीच्या तोंडाला तिसरी,
वरून रबरबँड, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांचे.
गॅलरीतून त्सियाला ओरडली,
"कुणाची मलमपट्टी चाललीय, लामारा?"

गाडीखाली पसरट ट्रे, आजूबाजूला फडकी.
अंगणाचा उतार द्राक्षाच्या वेलीकडे जातो,
आणि वेलीनं माझं काय वाकडं केलंय?

हातमोजे. चष्म्यावर चष्मा.
फवारा खालून वर, म्हणजे ओघळांचे डाग पडत नाहीत.
मग दहा मिनिटं थांबायचं, पण वाळू द्यायचं नाही.
दहा मिनिटं केवढी असतात
ते मला परीक्षेच्या वर्गात उभं राहून माहीत आहे.

पाणी झारीचं, हलक्या हातानं.
(ओतार प्रेशरचं मशीन देत होता.
त्याच मशीननं बदरीच्या गाडीचा सेन्सर गेला,
आणि हा अजून म्हणतो, तो आधीच गेलेला होता.)

दात घासायच्या ब्रशखाली
एका नटावर पिवळी रेघ निघाली.
तिकडच्या कारखान्यात कुणीतरी नट आवळला
आणि आवळलाय म्हणून खूण केली.
मी ती घासली नाही.

ट्रेमधलं काळं पाणी डब्यात भरून
गॅरेजवाल्याकडे. दुपारभर बॉनेट उघडं.
पिशव्या काढल्या, तार जोडली, चावी फिरवली.
थोडी वाफ.
आणि जळक्या तेलाचा तो वास नाही,
जो प्रत्येक सिग्नलला येई
आणि मी म्हणे, पुढच्या ट्रकचा असणार.

तिसऱ्या दिवशी वास परत आला.
वाकून टॉर्च मारला.
डाव्या झाकणाच्या खालच्या कडेला, गॅस्केटपाशी,
मसुराएवढा थेंब,
आणि बरोब्बर त्याच्या खाली तापणारा पाईप.
मळ होता तोवर गळती सगळीकडे होती,
म्हणजे कुठेच नव्हती.

रविवारी बाजारात ओतारनं तो पाहिला.
खिशातून इस्त्रीचा रुमाल काढला.
झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तो बोलला नाही,
पण रुमाल काढायची पद्धत तशीच होती.

मी म्हटलं, राहू दे.
"तू धुतलंस कशाला मग?"
मला लगेच उत्तर सुचलं नाही.

मार्नेउलीहून एक पोरगा आला, बरोबर सासरा.
सासरा बॉनेटमध्ये कंबरेपर्यंत गेला.
मी थेंब दाखवला, पाईप दाखवला,
गॅस्केट कितीला पडतं ते सांगितलं.
त्यानं बोट लावलं, हुंगलं,
बोट जावयाच्या जॅकेटला पुसलं.
तीनशे लारी कमी.

"आणखी काही?"

आता ओतारनं पाठ फिरवली,
लोखंडाच्या कारखान्याच्या धुराड्यांकडे
जणू ती आजच उभी राहिलीत असा पाहत राहिला.

"मागची डावी काच," मी म्हटलं,
"वर घेताना
हातानं थोडी ओढावी लागते."